आईनं हळू आवाजात घेतलेले व्यायाम

आई माझ्याच शाळेत पी.टी.ची बाई होती. मैदानावर मीही तिला बाईच म्हणायचे, आई घरी आल्यावर. खो-खोच्या संघात माझी निवड झाली तेव्हा शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी बोललं, "बाईंची लेक म्हणून घेतली." ते तिला फार लागलं. त्या दिवसापासून बाकीच्या मुलींना मैदानाची एक फेरी, तर मला दोन.

मी सातवीत होते. सरावात पुढं पळणारी मुलगी खांबाला वळसा घालत होती. तिला धरायला मी सूर मारला आणि डोकं थेट खांबावर आपटलं. आपटल्याचं मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की मी मातीत उताणी पडले होते आणि वरून वाकलेल्या आईचं तोंड दोन-दोन दिसत होतं.

"बरी हायस का?" तिनं विचारलं. सगळ्या मुली बघत होत्या.

"व्हय, बाई."

"मग काय न्हाय झालं. ऊठ, चल पळ."

मी उठले आणि सराव संपेपर्यंत पळले.

घरी जेवायला बसल्यावर पहिल्याच घासाला उलटी झाली. मग मी "आज कुठला वार?" असं विचारायला लागले. आईनं सांगितलं की पुन्हा तेच. बाबा शिरोलीच्या फाउंड्रीतून नुकतेच आले होते. कामाच्या कपड्यांवरच ते रिक्षा आणायला पळाले.

दवाखान्यात डोक्याचा फोटो काढला. हाड शाबूत होतं, आत रक्त साकळलं नव्हतं, पण मेंदूला धक्का बसला होता. डॉक्टरबाईंनी विचारलं, "लागल्यावर लगेच बाहेर बसवलं ना हिला?"

बाबांनी आईकडं बघितलं.

"न्हाय," आई म्हणाली. "मीच पळवली तिला."

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. "परत लागलं असतं तर अवघड होतं," एवढंच म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर आईला बरं वाटलं असतं, असं मला पुढं बरीच वर्षं वाटायचं.

आधी नुसती विश्रांती. टीव्ही बंद, पुस्तक बंद, खिडकीला चादर. डोकेदुखी उतरली, पण मान वळवली की फरशी एका बाजूला कलल्यासारखी वाटायची. मग डॉक्टरबाईंनी आईला घरी घ्यायचे व्यायाम शिकवले आणि बजावलं, "डोकं दुखलं, गरगरलं, की थांबायचं. जोर करायचा नाही."

शेकडो मुलींना पळवणारी माझी आई रोज सकाळी माझ्यासमोर स्टुलावर बसायची आणि अंगठा उभा धरायची. अंगठा डावीकडं, उजवीकडं, वर, खाली, आणि मी फक्त डोळे फिरवायचे. मग अंगठा एका जागी ठेवायचा, मी त्यावरची नजर न हलवता मान हळूहळू 'नाही नाही' म्हटल्यासारखी हलवायची. नंतर फरशीच्या सांध्यावरून टाचेला चवडा लावत चालायचं. ती दोन्ही बाजूंनी हात पसरून माझ्याबरोबर चालायची, हात लावायची नाही. हे सगळं कुजबुजत. दर खेपेला विचारायची, "दुखतंय का?" मी नुसती पापणी मिटली तरी ती अंगठा खाली घ्यायची. बाबा वैतागायचे. "अगं, पुरं तरी करू दे की तिला!"

मला तिचा तो आवाज सहन व्हायचा नाही. माझ्यामुळं ती अशी झाली, असं वाटायचं. एका सकाळी चालता चालता मी म्हटलं, "आई, तू विचारलं होतंस. मीच खोटं बोलले, बरी हाय म्हणून."

ती जागच्या जागी थांबली. "तू पोर. तू काय सांगणार? बघायचं मी होतं. लोक काय म्हणतील ते बघत बसले, लेकीकडं बघितलंच न्हाय."

मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "चल, टाच लाव."

दिवस गेले तशी फरशी सरळ झाली. बसून चेंडू या हातातून त्या हातात झेलायला लागले, मग अंगणात चालायला, मग सावकाश पळायला. डॉक्टरबाईंनी परवानगी दिल्यावर मैदानावरही गेले. पण तिथं भलतंच झालं. आई बाकीच्यांवर खेकसायची आणि माझ्याकडं वळली की आवाज खाली. मी खो द्यायला उशीर केला तरी "असू दे, असू दे." मुली एकमेकींकडं बघायच्या.

पन्हाळ्याच्या सामन्यात मी दोनदा चुकले. तिसऱ्यांदाही ती "असू दे" म्हणाली, तेव्हा मी मध्यंतरात तिच्यापाशी गेले. "बाई, ओरडा की माझ्यावर! मी बरी हाय. खरंच बरी हाय."

ती माझ्या डोळ्यांत बघत राहिली, एकदा या डोळ्यात, एकदा त्या. दुसऱ्या डावात मात्र वाऱ्यावरून तिची आरोळी आली, "ए, पाय उचल! झोपलीस काय?" सामना आम्ही हरलो. एसटीत बाकीच्या रडत होत्या आणि मला हसू आवरत नव्हतं.

त्या माराचं माझ्या डोक्यात काही उरलं नाही. तिच्या डोक्यात उरलं. पुढं मी नोकरीला लागले आणि मला चष्मा लागला, तेव्हा ती हट्टानं दुकानात बरोबर आली आणि चष्मेवाल्याला सातवीतला तो सगळा प्रकार सांगून मोकळी झाली. तो म्हणाला, "त्याचं काय न्हाय हो, मावशी. दिवसभर कॉम्प्युटरपुढं बसल्यावर लागणारच की."

तिनं मान डोलावली. बाहेर येऊन रिक्षात बसल्यावर म्हणाली, "त्याला काय कळतंय."