अर्धा सूर वर

आमच्या बँडचा अल्बम एकच, पण तो चार वेळा बाजारात आला. आधी कॅसेट, मग सीडी, मग मोबाइलवर, आणि आता परदेशातली एक कंपनी त्याची मोठी काळी रेकॉर्ड काढते आहे. ज्या गाण्यांवर तेव्हा लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा कुणी उठून नाचलं नाही, त्यांना तिकडे म्हणे 'दुर्मिळ भारतीय डिस्को' म्हणतात. म्हणोत बापडे.

मी बास गिटार वाजवायचो. गायची ती गोराईची, चर्चमध्ये गाऊन तयार झालेली, भरदार आवाजाची मुलगी. पुढे ती माझी बायको झाली. कॅसेट काढणाऱ्या मालकाने टेप वाचवायला एक शहाणपणा केला. मूळ टेप किंचित जोरात फिरवून कॉप्या काढल्या. गाणी लवकर संपली, टेप वाचली आणि तिचा आवाज अर्धा सूर वर चढला. कॅसेट ऐकून ती हसत सुटली. "ही मी नाहीच रे! ही माझी धाकटी बहीण!" मी मात्र मालकाशी कडाकडा भांडलो. उपयोग शून्य. पुढे मूळ टेप खराब झाली, त्यामुळे सीडी आणि मोबाइलवरची गाणी त्या कॅसेटवरूनच निघाली.

ती गेली तेव्हा आमच्या घरात साधे फोन होते. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. मुलगी लग्न होऊन मुलुंडला गेली आणि चारकोपच्या घरात मी एकटा उरलो. संध्याकाळ झाली की कॅसेट लावतो. चहा अजूनही दोन कप होतो, दोन्ही मीच पितो. एकटेपणाची सवय होते म्हणतात. मला तरी झालेली नाही.

म्हणून रेकॉर्डवाल्यांनी परवानगी मागितली तेव्हा मी एकच अट घातली. गाणी खऱ्या वेगाने काढा. मला तिचा खरा आवाज परत हवा होता, बाकी रेकॉर्डचं काय ते तुम्ही बघा.

त्यांचं काम अंधेरीतल्या एका छोट्या स्टुडिओत चाललं होतं. मशीनवर एक हुशार मुलगी बसली होती. "काका, किती स्लो करायचं ते कसं कळणार?"

मी रिक्षातून बास घेऊनच गेलो होतो. पहिल्या गाण्याच्या आधी मी सूर बघायला मोकळी तार छेडली होती, ती तशीच कॅसेटवर राहून गेली होती. तीच तार मी आता पुन्हा छेडली. ती मुलगी गाणं हळू करत गेली. दोन्ही सूर आधी एकमेकांशी भांडले, मग एक झाले.

"हां, इथेच थांब गं," मी म्हणालो. "आता पुढे जाऊ दे."

कानांवर हेडफोन होते. एक बाई गायला लागली. आवाज जाड, भरलेला, थोडा दमलेला. शब्द तेच, श्वास घ्यायच्या जागा त्याच. आणि मला ती ओळखू येईना. एवढी वर्षं रोज जिच्याजवळ बसत होतो ती दुसरीच होती. मी डोळे मिटून पाहिलं, आवाज वाढवायला सांगितला. कोण ही बाई?

"काका, बरोबर आहे ना?"

तार जुळली होती. मी मान हलवली.

घरी येऊन मी ते गाणं मुलीला पाठवलं. ती एरवी रविवारी फोन करते, त्या दिवशी ऑफिसमधून लगेच केला. रडत होती.

"बाबा, ही आई! अगदी आई आहे ना ही! मला जेवायला हाक मारायची ना, तो आवाज!"

"हो ना," मी म्हणालो.

ती बोलत राहिली. मी फोन कानाशी घट्ट धरून ठेवला. मग धीर करून तिला विचारलं, "कशी मारायची गं हाक? जरा करून दाखव ना."