ताईला गाडी शिकवली कोणी

इलेक्ट्रिक गाडी घेतली तेव्हा मास्तरांना वाटलं, सुटलो एकदाचे. क्लच नाही, गिअर नाही, चढावर गाडी मागे घसरली म्हणून शिकणाऱ्याने डोळे मिटून घेणं नाही. जन्मभर लोकांना ड्रायव्हिंग शिकवून, शेजारच्या सीटवरून दुसऱ्यांचे क्लच दाबून दाबून मास्तरांचा गुडघा कामातून गेला होता. नवी गाडी म्हणजे गुडघ्याला पेन्शन. पण कसलं काय, विकतचं दुखणं घरी आणलं. जुनी गाडी बिघडायची तेव्हा निदान कुरकुर तरी करायची. ही रात्री झोपताना एक असते आणि सकाळी उठते ती दुसरीच.

कारण काय, तर अपडेट. मोबाइलला येतो तसा गाडीलाही येतो, आणि कंपनीला मालकाची परवानगी वगैरे घ्यायची गरज वाटत नाही. एका सकाळी वायपरचं बटण जागेवरून उठून स्क्रीनच्या पोटात जाऊन बसलं. बाहेर पाऊस, आत मास्तर ‘वाहन’, ‘सोयी’, ‘इतर’ असं दाबत बसलेले. पुढच्या खेपेला काय, तर रेसवरचा पाय उचलल्यावर गाडी हळू थांबायची ती गचकन थांबायला लागली. तेव्हा स्टिअरिंगवर होता तो नवा मुलगा बिचारा इतका घाबरला की आपल्या हातून काहीतरी मोडलं असं समजून पुन्हा आलाच नाही. मास्तरांची थोरली बहीण ताई म्हणाली, “नवऱ्याचा स्वभाव कळायला माझी अर्धी हयात गेली. तुझा तर दर पंधरवड्याला नवरा बदलतोय.”

गाडीच्या मधोमध ताटाएवढी स्क्रीन. शिकणाऱ्यांची नजर रस्त्यावरून उडायची ती थेट तिथे. मास्तर ओरडून ओरडून थकले आणि शेवटी त्यांनी बायकोकडून तिला एक खोळ शिवून घेतली. मिक्सरला घालतात तशी, फुलाफुलांची, खाली इलॅस्टिक. वेग दाखवणारी छोटी पट्टी स्टिअरिंगच्या मागे वेगळी होती, त्यामुळे काही अडत नव्हतं. मागे बघायचं तर मान वळवून बघा, असं मास्तरांचं म्हणणं. लाखमोलाच्या गाडीच्या तोंडावर फडकं बांधणारा मालक साऱ्या जगात हा एकच असेल, पण मास्तर मात्र या युक्तीवर बेहद्द खूश होते.

अशा या गाडीत ताई शिकायला बसली, आणि ती हौसेने बसली नव्हती. तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे दाजींच्या, डोळ्यांना आतून सूज आली होती. दर महिन्याला मोठ्या शहरातल्या इस्पितळात जाऊन डोळ्यात इंजेक्शन घ्यायचं. जाताना दोन बस बदला, येताना डोळ्यावर पट्टी, पाणी गळतंय, अशा माणसाला घेऊन पुन्हा दोन बस बदला. म्हणून मास्तर त्या दिवशीच्या शिकवण्या रद्द करून दोघांना न्यायचे. मागच्या वेळी नेमक्या त्याच दिवशी त्यांच्या दोन विद्यार्थ्यांच्या परीक्षा आल्या आणि दाजी म्हणाले, राहू दे, पुढच्या महिन्यात जाऊ. डॉक्टरीणबाईंनी फोनवर चांगलं फैलावर घेतलं. गेलेली नजर परत येत नसते, म्हणाल्या, आता एकही चुकवलंत तर माझ्याकडे येऊ नका. त्यानंतर दाजी पेपर खिडकीशी नेऊन वाचायला लागले. ताईने ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी भावाच्या ऑफिसात येऊन उभी राहिली. साठीला टेकलेली बाई म्हणाली, “मला शिकव. मी नेईन यांना.”

मास्तरांना वाटलं, झालं, आता ही आपला जीव घेणार. ताई रस्ता ओलांडताना हात धरायला माणूस शोधणारी. पण नवल झालं. पहिले काही दिवस गल्लीबोळात भिंती वाचवण्यात गेले, आणि मग बाहेरच्या मोठ्या रस्त्यावर आल्यावर ताई अशी सरळ चालवायला लागली की ज्याचं नाव ते. वळणावर रेघ सोडायची नाही. पुढचा ट्रक थांबला की गाडी आधीच हळू. तिचंच कशाला, त्या दोन महिन्यांत मास्तरांचे सगळेच विद्यार्थी तसे चालवत होते. मास्तरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आपल्या शिकवण्यात आता काहीतरी उतरलंय, असं ते जेवताना बायकोला सांगायचे. तीही ऐकून घ्यायची.

मग बाहेरच्या रस्त्यावर नवं डांबर पडलं. काळाभोर, गुळगुळीत, आणि पांढरे पट्टे मारायचे अजून बाकी. त्या दिवशी सकाळचा पहिला विद्यार्थी असा नागमोडी गेला की मास्तरांनी त्याला तोंड उघडून वास द्यायला लावला. दुसरी मुलगी तशीच. तिसरी ताई. ताईने वळणावर हात ढिला सोडला आणि गाडी सरळ दुभाजकाकडे निघाली. मास्तरांनी त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबला नसता तर दाजींच्या आधी हिलाच इस्पितळात न्यावं लागलं असतं.

“अगं, स्टिअरिंग फिरव की,” मास्तर म्हणाले.

“मी कशाला फिरवू? ते आपलं आपण फिरतं ना,” ताई म्हणाली, आणि तिचा चेहरा अगदी निरागस होता.

मास्तरांनी स्क्रीनवरची खोळ ओढून काढली. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं की मार्गरक्षक ही नवी सोय आपल्या गाडीत चालू करण्यात आली आहे, गाडी आता रस्त्यावरचे पट्टे पाहून स्वतःच स्टिअरिंग सांभाळेल आणि पुढचं वाहन पाहून वेग कमी करेल, अभिनंदन. मजकूर दोन महिने तिथेच होता. मास्तर दिवसभर शेजारच्या सीटवर. राहायला ऑफिसच्याच वर, त्यामुळे स्वतः चालवायची ती गल्लीत, जिथे पट्टे नावाला नाहीत. इस्पितळाच्या फेऱ्या त्या दोन महिन्यांत ताईने शेजाऱ्याच्या पाया पडून त्याच्या गाडीतून उरकल्या होत्या. गाडी त्यांची, पण मोठ्या रस्त्यावर तिच्या स्टिअरिंगला त्यांचा हात असा लागतच नव्हता. ज्यांचा लागत होता त्यांना दुसऱ्या कुठल्या गाडीचं स्टिअरिंग ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं, हे असंच असतं.

ताईला सगळं समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर ती शांतपणे म्हणाली, “म्हणजे दोन महिने तू शाबासकी कोणाला देत होतास?” यावर मास्तर कंपनीवर चिडले.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांचा मोबाइलवर एक ग्रुप होता. मास्तरांनी त्यात तावातावाने लिहिलं. दातांचे एक डॉक्टर होते, त्यांना कंपनीचं सगळंच गोड. त्यांनी लिहिलं, ‘हे तर वरदान आहे, काही वर्षांत कोणाला गाडी शिकावीच लागणार नाही.’ ज्याचं पोट गाडी शिकवण्यावर, त्याला हे सांगणारा हा उंटावरचा शहाणा. एका फुलवालीने लिहिलं की तिची गाडी पुलाच्या सावलीला घाबरून भर रस्त्यात थांबली आणि मागची सगळी फुलं पुढे आली, तेव्हापासून अपडेटचं नाव काढलं तरी तिच्या डोक्यात जातं. तिसऱ्याने विचारलं, ‘पण तुम्ही सूचना का वाचली नाही?’ मास्तरांनी मिक्सरच्या खोळीबद्दल लिहायचं टाळलं.

मार्गरक्षक बंद करता येत होता. पण दर वेळी गाडी सुरू केली की तो पुन्हा चालू. घरातून हाकललेल्या मांजरासारखा, दार उघडलं की हा आत. रोज प्रत्येक विद्यार्थ्याच्या आधी मास्तर ‘वाहन’, ‘सोयी’, ‘सुरक्षा’ करत त्याला बाहेर काढायचे आणि तोंडाने कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. ताई पहिल्यापासून शिकायला लागली. आता गाडी डुलायची, झटके द्यायची, ताईचे खांदे दुखून यायचे. पण ती रोज येत होती, कारण पुढच्या गुरुवारी दाजींचं इंजेक्शन होतं आणि त्या दिवशी मास्तरांचं सबंध वेळापत्रक भरलेलं होतं. परीक्षा त्याच्या आदल्या दिवशी, बुधवारी होती. पास झाली की ही गाडी तीच नेणार, मास्तर एक दिवस जुन्या गाडीवर शिकवतील, कोणाच्या पाया पडायला नको.

बुधवारी सकाळी मास्तरांनी गाडी सुरू केली आणि स्क्रीन म्हणाली, सुस्वागतम, आपली गाडी अधिक सुरक्षित झाली आहे. रात्रीत पुन्हा अपडेट आला होता. ‘वाहन’मध्ये ‘सोयी’ नव्हतं. ‘सोयी’च्या जागी एक निळं चित्र होतं आणि त्या चित्रात आणखी चित्रं होती. ते दाबत राहिले. सीट गरम झाली, आरसे मिटले, कुठली तरी बाई रस्ता सांगायला लागली. तेवढ्यात परीक्षक बाई येऊन मागच्या सीटवर बसल्या. कडक इस्त्रीच्या होत्या. त्यांनी पट्टा लावला आणि नेहमीचा प्रश्न विचारला, “मदतीच्या सोयी सगळ्या बंद आहेत ना?”

“बंद आहेत,” मास्तर म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी परीक्षकाशी खोटं बोललेलं हे पहिलंच, आणि तेही बहिणीसाठी. आपल्या मनाची त्यांनी समजूत घातली: एकदा कागद हातात येऊ दे, दाजींचं इंजेक्शन होऊ दे, मग शिकवू हिला निवांत.

बाहेरच्या रस्त्यावर आता पांढरेशुभ्र पट्टे मारलेले होते. गाडी त्यांच्यामधून सुतासारखी सरळ निघाली. वळणावरही रेघ सुटली नाही. मागून परीक्षक बाई म्हणाल्या, “छान, हात चांगला बसलाय तुमचा.” मास्तरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी ताईकडे पाहिलं तर ती ओठ घट्ट मिटून स्टिअरिंगकडे बघत होती. मग तिने इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेतली आणि थांबवली.

“मी थांबायला सांगितलं नव्हतं,” परीक्षक बाई म्हणाल्या.

“हो. पण ही मी चालवत नाहीये,” ताई म्हणाली. “स्टिअरिंग आतून ओढतंय. ते बंद झालेलं नाही.”

“ताई, गप्प बस ना गं,” मास्तर दातओठ खात पुटपुटले.

“तू गप्प बस. उद्या पट्टे पुसलेले असले आणि हे मागे बसलेले असले, तर मी काय करू? माझ्या भरवशावर डोळे मिटून बसणार आहेत ते.”

परीक्षक बाईंनी नापास लिहिलं. सांगितल्याशिवाय थांबलात, म्हणाल्या, मला दुसरं काही लिहिताच येणार नाही. मास्तरांकडे त्यांनी असं पाहिलं की मास्तर खिडकीबाहेरच्या एका खांबाकडे बघत राहिले. पुढची तारीख महिन्यानंतरची मिळाली.

परतताना मास्तर फुटले. “तेलही गेलं, तूपही गेलं. हातातोंडाशी आलेला घास होता. महिनाभराने परीक्षा देऊन काय करशील? आता उद्या दाजींना नेणार कोण?”

“मीच,” ताई म्हणाली. “शिकाऊ पाटी लावून. शेजारी शिक्षक असला तर चालतं, तूच सांगितलंयस. ते भूत काढायला शिक आज, आणि उद्याच्या शिकवण्या रद्द कर.” मास्तरांनी ग्रुपमधल्या फुलवालीला फोन लावला. मार्गरक्षक बंद करायचा नवा स्विच तिला सापडलेला होता.

गुरुवारी ताईने गाडी चालवली. अख्खा रस्ता. गाडी डुलली, दोनदा गचके बसले, एका टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवून सगळ्यांच्या खानदानाची चौकशी केली. मास्तरांचा पाय सारखा त्यांच्या ब्रेकवर होता, पण दाबावा लागला नाही. दाजी मागे चष्मा हातात घेऊन बसले होते. इस्पितळाच्या दारात गाडी जरा तिरकीच लागली. ताईचा ब्लाउज पाठीवर घामाने चिकटला होता.

आत नर्सने दाजींच्या डोळ्यात थेंब घातले आणि सगळ्यांना विचारतात ते विचारलं, “परत जाताना तुम्हाला गाडी चालवता येणार नाही, आजोबा. घरी कोण नेणार आहे?”

मास्तर सवयीने पुढे झाले. पण दाजींनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी अंदाजाने हात पुढे केला, तो ताईच्या खांद्यावर पडला, आणि ते म्हणाले, “ही.”