चौतीस कुंड्या आणि सात चांदीचे रुपये

ती नाणी मीच लपवली होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण प्रत्यक्षात हे सांगायला मला पाच दिवस लागले. त्यातले पहिले दोन आठवण्यात गेले आणि उरलेले तीन धीर गोळा करण्यात.

सात राजाछाप रुपये होते, अस्सल चांदीचे. बायकोच्या आजीचे, निपाणीहून आलेले. सासूबाईंनी ते लग्नात तिच्या ओटीत घातले होते. आमच्या पुण्याकडे वरमहालक्ष्मीचं व्रत कुणी करत नाही, पण बंगळुरातल्या बनशंकरीत बावीस वर्षं राहिल्यावर श्रावणातल्या त्या शुक्रवारी आमच्याही घरी कलशाला साडी नेसवली जाते, नारळावर मुखवटा बसतो आणि कलशात ते सात रुपये पडतात.

मे महिन्यात आम्ही पुतण्याच्या लग्नाला पुण्याला निघालो. बायको रिक्षा बघायला खाली गेली होती, तेवढ्यात मला वाटलं, चोर पहिल्यांदा देवघराचाच खण उघडणार. मी सरकारी प्रयोगशाळेत रडारवर काम करतो. समोरचा काय विचार करेल याचा विचार करणं हेच माझं पोटापाण्याचं काम. मी खणातल्या स्टीलच्या डबीतून नाणी काढली, व्हिटॅमिनच्या गोळ्यांच्या रिकाम्या प्लास्टिकच्या डबीत भरली, गच्चीवर गेलो आणि एका कुंडीत खोल पुरून आलो. बायकोलाही सांगितलं नाही. जितक्या कमी लोकांना माहीत तितकं सुरक्षित, असं आमच्या ऑफिसात मानतात. लग्न, आमरस आणि परतल्यावर आठ दिवसांचा ताप, एवढं झाल्यावर माहीत असणाऱ्यांची संख्या एकावरून शून्यावर आली.

व्रताच्या आधीच्या शनिवारी बायकोने नाणी उजळायला स्टीलची डबी उघडली. डबी रिकामी. तिने खण उपसला, कपाट उपसलं, शेवटी ओट्यापाशी येऊन उभी राहिली. स्वयंपाकघरामागच्या युटिलिटीत अक्का भांडी घासत होत्या. अकरा वर्षं त्या आमच्याकडे कामाला येतात. आणि मी, ज्याने नाणी पुरली होती तो मी, मोठ्या शहाणपणाने म्हणालो, "घरात तिसरं माणूस येतं कोण? मी काही म्हणत नाही. पण विचार करायला नको?"

"हळू बोला," बायको म्हणाली.

"मराठी कुठे कळतंय त्यांना," मी म्हणालो.

बंगळुरात राहणाऱ्या आम्हा लोकांची ही एक खास समजूत आहे. दाराबाहेर कन्नड, ऑफिसात हिंदी-इंग्रजी, आणि मराठी म्हणजे जणू घरातल्या घरात बोलायची गुप्त लिपी. अकरा वर्षं ती लिपी ऐकणाऱ्या बाईला ती आली असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मागे भांड्यांचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला. अक्का गेल्या तेव्हा त्यांचा चहा ओट्यावर तसाच होता.

रविवारी त्या आल्या नाहीत. फोन केला तर गुडघा दुखतो म्हणाल्या. बायकोने फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "गुडघा नाही तो." सोमवारी कळलं की दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनीही त्यांना, सणाचं घर आहे, सध्या नका येऊ, असं सांगितलं. बातमी जिन्याने वर पोचली होती. माझ्या एका वाक्याने अक्कांची दोन घरं गेली आणि अकरा वर्षांचं नाव गेलं.

त्याच सोमवारी ऑफिसला जाताना सिग्नलवर एक माणूस सायकलवरून कुंड्या विकायला नेत होता. त्या कुंड्या बघितल्या आणि सगळं लख्ख आठवलं. म्हणजे कुंडी आठवली. कुठली कुंडी, ते नाही.

सरळ माणसाने तिथूनच घरी फोन केला असता. मी दुसरा बेत केला. गुपचूप नाणी शोधायची, खणाच्या मागच्या फटीत सरकवायची आणि आनंदाने ओरडायचं, "अगं, ही बघ, मागे पडली होती." अक्का परत येतील, कुणाचं काही जाणार नाही, माझंही नाही. असा विचार करत मी तीन दिवस गप्प राहिलो. मंगळवारी आणि बुधवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मी धातू शोधायचं यंत्र जोडलं. बायकोला सांगितलं, ऑफिसचं काम.

गुरुवारी बायको तिच्या शाळेत शिकवायला गेली. मी रजा टाकली आणि यंत्र घेऊन गच्चीवर गेलो.

यंत्र पहिल्याच कुंडीवर जोरात वाजलं. दुसरीवरही. कुंड्या नसलेल्या जागीही वाजलं. दहा मिनिटांनी माझ्या लक्षात आलं की पायाखालच्या स्लॅबमध्ये लोखंडी सळया आहेत आणि माझं यंत्र अख्खी इमारत शोधून काढतंय. पंचवीस वर्षं आकाशातली विमानं शोधणाऱ्या माणसाला हे आधी सुचायला हवं होतं. मग मी एक प्लास्टिकचं स्टूल आणलं आणि एकेक कुंडी त्यावर उचलून ठेवायला लागलो. एकूण चौतीस. त्यातल्या वीस तरी सिमेंटच्या.

तळमजल्यावरच्या अज्जी डॉक्टरांच्या सांगण्यावरून रोज गच्चीवर फेऱ्या मारतात. वय ऐंशीच्या पुढे, नजर सगळीकडे. पहिल्या फेरीला त्यांनी विचारलं, "एन हुडुकतिद्दीया अप्पा?" काय शोधतोयस बाबा? मी माझ्या स्वल्प कन्नडमध्ये म्हणालो, माती तपासतोय. सरी, म्हणजे बरं, म्हणाल्या आणि पुढे गेल्या. दुसऱ्या फेरीला विचारलं, सरकारी काम का? मी मान हलवली. तिसऱ्या फेरीला त्या मला सांगायला लागल्या की आपल्या मातीत काही दोष नाही, दोष तुझ्या बायकोच्या पाणी घालण्यात आहे. अकरा वाजता तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ मुद्दाम वर आले आणि आमच्या गच्चीखाली युरेनियम आहे का, असं हलक्या आवाजात विचारून गेले.

यंत्राने प्रामाणिकपणे काम केलं. जास्वंदीत एक चमचा सापडला. कढीपत्त्यात दुसरा. शेवंतीत स्कूटरचा नट, गवती चहात केसांची पिन, कोरफडीत आणखी दोन चमचे. आमच्या घरातले चमचे जातात कुठे, हा वीस वर्षांचा प्रश्न त्या दिवशी सुटला. रुपया मात्र एकही नाही. बारा वाजता पावसाची भुरभुर सुरू झाली तेव्हा मी अठराव्या कुंडीवर होतो. उभ्या उभ्या दहीभात खाल्ला. कंबर मोडली होती, नखांत चिखल गेला होता. मधेच एका सराफाला फोन करून तसेच सात रुपये मिळतील का विचारलं. तो म्हणाला, लक्ष्मीचं चित्र असलेली नवी कोरी नाणी आहेत. मी फोन ठेवला. आजीच्या रुपयांतल्या एकाला कधीकाळी गळ्यात घालायला कडी जोडलेली होती, तिची खूण अजून होती. बायकोला तो रुपया डोळे मिटूनही ओळखता आला असता.

साडेतीनला चौतिसावी कुंडी झाली. काही नाही. मी स्टुलावर बसलो. यंत्राचा दोष असेल असं ठरवलं, यंत्र बाजूला ठेवलं आणि पुन्हा पहिल्या कुंडीपासून हाताने माती उपसायला लागलो. आशा फारशी नव्हती. थांबलो तर खाली जाऊन खरं सांगावं लागेल, एवढंच कळत होतं. बाराव्या कुंडीशी अज्जी संध्याकाळच्या फेरीला आल्या. बोटाने सगळ्या कुंड्या मोजल्या. मग म्हणाल्या, पस्तीस होत्या. एक तुझ्या बायकोने जूनमध्ये अक्कांना दिली, दोड्डपत्रेची. त्यांना खोकला झाला होता ना, त्यावर ती पानं चांगली.

मी मातीतून हात काढला. आता कुठली कुंडी, तेही आठवलं. दोड्डपत्रे म्हणजे आपला पानओवा, जाड, मऊ पानांचा, वास येणारा. नाणी अक्कांच्याच घरी होती, आणि त्यांना पत्ताही नव्हता.

अक्का देवळामागच्या गल्लीत राहतात. एक खोली, दारात दोन पायऱ्या. वरच्या पायरीवर ती कुंडी होती, आणि दोड्डपत्रे आमच्या गच्चीवर कधी वाढली नाही तशी माजली होती. अक्का पालेभाजी निवडत बसल्या होत्या. मला बघून उठल्या, बसा म्हणाल्या, गुडघा बरा आहे म्हणाल्या आणि कॉफी करायला आत गेल्या.

मी कुंडीशेजारी एकटा. बोटं मातीत घातली. बरंच खोल गेल्यावर डबीचं झाकण लागलं. कबूल करतो, त्या क्षणी माझा पहिला विचार अक्कांची माफी मागायचा नव्हता. डबी खिशात टाकून कॉफी पिऊन घरी जायचं, हा होता. पण कोपरापर्यंत हात कुंडीत असताना अक्का पेला घेऊन बाहेर आल्या.

"सार, रोप हवं होतं तर मागायचं," त्या म्हणाल्या. मराठीत.

मी डबी बाहेर काढली आणि सगळं सांगितलं. मे महिन्यापासून सिग्नलपर्यंत. गप्प राहिलेले तीन दिवसही सांगितले, कारण ते सोडून सांगायला लागलो तर जमेना. मी वाकडंतिकडं कन्नड बोलत होतो, त्यांनी मला थांबवलं.

"मराठीतच बोला. अकरा वर्षं भांडी घासते तुमच्याकडे. तुमची निम्मी भांडणं मला पाठ आहेत."

त्या हसल्या नाहीत. आधी त्यांनी उपसलेली माती हाताने दाबून रोप सरळ केलं. मग हात धुतले. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, "इथं नको. माझ्या दारात बोलून मला काय उपयोग? जिथं बोललात तिथं बोला. आणि दुसऱ्या मजल्यावरच्या अम्मांनाही बोलवा."

रस्त्याने जाताना मी काय बोलणार ते त्यांना म्हणून दाखवलं. दुसऱ्या मजल्यासाठी ते कन्नडमध्येच हवं होतं. मी गैरसमज झाला असं म्हणालो. त्या म्हणाल्या, गैरसमज नाही, तुम्ही मला चोर ठरवलंत, चोरीच म्हणा. दोनदा म्हणवून घेतलं.

बायको शाळेतून आली होती. आमच्या चौरस फुटांच्या हिशेबाने स्वयंपाकघरात तीन माणसं मावतात. त्या संध्याकाळी पाच होती, कारण अज्जींना कुणी बोलावलं नव्हतं तरी त्या आल्या होत्या. मी डबी ओट्यावर उघडून ठेवली. बायकोने कडीची खूण असलेला रुपया उचलला, मग माझ्या नखांकडे बघितलं आणि तो पुसून परत डबीत ठेवला. ते बघणं मला फार लागलं. मी दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंकडे तोंड करून पाठ केलेलं सगळं म्हटलं. नाणी मी पुरली, मी विसरलो, आणि याच ओट्यापाशी उभं राहून अक्कांवर चोरीचा आळ मी घेतला. सोमवारी आठवलं तरी आजपर्यंत तोंड उघडलं नाही. त्यांनी आमच्या घरातून कधी चमचाही नेलेला नाही. मग अक्कांकडे वळलो. इथपर्यंतचं पाठ होतं, पुढचं नव्हतं.

"तप्पु नंदे, अक्का," मी म्हणालो. "चूक माझीच. मला माफ करा."