सातव्या महिन्यातली अर्धी भाकरी

सातवा महिना लागला तशी आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, माझी भाकरी अर्धी केली. थोरल्या जावेचं मूल अंगानं मोठं होतं, ते अडलं. पावसात एस्टी बंद, डोलीतून वेल्ह्याच्या दवाखान्यात नेताना ती वाटेतच गेली. तेव्हापासून आत्याबाईंच्या मनानं घेतलं होतं की पोटभर खाल्लं तर मूल वाढतं आणि बाई अडते.

हे रस्त्याच्या कामावर बाहेरगावी असायचे. भूक लागली तर सांगायचं कोणाला? मी गोठ्यात बकरीजवळ जाऊन बसायची. तीही गाभण होती. तिला आत्याबाई रोज नाचणीचा घाटा घालायच्या.

मुलगी झाली. सुटका लवकर झाली, पण मूल एवढंसं. दूध ओढतानाच थकून झोपायची. जगेल असं कोणी म्हणत नव्हतं.

त्याच सुमारास पुण्याहून एक डॉक्टरबाई वाड्यावस्त्यांवर यायच्या. पोटातच वाढ खुंटलेली मुलं आणि जनावरांची पिल्लं यांचा त्या अभ्यास करत. त्यांच्याजवळ झोळी अडकवलेला काटा होता.

"लेकरू तोलायचं न्हाई, दिष्ट लागती," आत्याबाई म्हणाल्या. "करडू तोला वाटलं तर."

करडू झोळीत ठरेना, लाथा झाडायला लागलं.

"छान भरलंय. बकरीला काय घालत होता, आजी?"

"घाटा. गाभणी उपाशी ठिवली तर करडू मरतुकडं निघतंय. एवढं बी ठावं न्हाई व्हय बाई तुमाला?"

डॉक्टरबाई हसल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि हिला?"

आत्याबाई करडाचे पाय झोळीतून सोडवत राहिल्या. मी कधी कोणापुढं होत नसे. त्या दिवशी करडू बाहेर निघताच उठले आणि न विचारता मुलीला झोळीत ठेवलं. झोळी हललीसुद्धा नाही.

"मोठं आसतं तर ही राहिली नसती," आत्याबाई हळूच म्हणाल्या.

"भीती खोटी नाही, आजी. पण पोर हिच्या उपासानं बारीक राहिली. आता उराशी उबेत ठेवा, घडीघडी पाजा. आणि हिला पोटभर वाढा."

मुलगी जगली.

पुढच्या खेपेला सातव्या महिन्यात माझ्या ताटात आख्खी भाकरी आली. ती वाढून आत्याबाई उठायच्या आणि माझं जेवण होईपर्यंत गोठ्यात जाऊन बसायच्या. मी एकटीच जेवायची. अडण्याची भीती मलाही वाटायची, पण ती ऐकायला त्या थांबत नसत.