हुशार यंत्र की पोपट

ऑफिसात त्यांना सगळे झाकणराव म्हणत, आणि तेही तोंडावर. ते रागवत नसत. कुठलीही वस्तू समोर आली की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "आधी झाकण उघडा." शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक छोटा स्क्रू ड्रायव्हर कायम असायचा, अगदी कुणाच्या लग्नाला गेले तरी.

त्यांचं काम असं होतं. परदेशातून बंदरात जो माल उतरतो, त्यातल्या प्रत्येक वस्तूला कस्टमच्या जाडजूड पुस्तकात एक घर असतं. घराला नंबर असतो आणि नंबर पाहून कर लागतो. ऐकणाऱ्याला वाटतं, यात काय एवढं, छत्री ती छत्री आणि पंखा तो पंखा. पण उघडली की खुर्ची होते ती काठी, ही काठी की खुर्ची? आरशाला दिवा जोडला तर तो आरसा की दिवा? असल्या प्रश्नांवर शहाणीसुरती माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जातात, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. झाकणरावांनी सत्तावीस वर्षं वस्तूंना घरं शोधून दिली आणि त्यांनी दिलेला नंबर कस्टमनं एकदाही फिरवला नाही.

नंबराच्या कागदावर सही करायला परवान्याचं कार्ड लागतं, आणि ते परीक्षा दिल्याशिवाय मिळत नाही. झाकणरावांना ती परीक्षा तिसऱ्या खेपेला जमली होती, म्हणून त्यांचा त्या कार्डावर अंमळ जास्तच जीव. कोपरे झिजू नयेत म्हणून त्यांनी त्याला प्लास्टिकचं पाकीट शिवून घेतलं होतं. अख्ख्या ऑफिसात असं कार्ड एकट्या त्यांच्याकडे होतं.

ऑफिस मात्र मेव्हण्याचं. आईवडील गेले तेव्हा हा मेव्हणा बारा वर्षांचा होता. बहिणीच्या पाठोपाठ एक पेटी घेऊन तो झाकणरावांच्या दोन खोल्यांत राहायला आला. त्याला सायकल त्यांनी शिकवली, गणित त्यांनी शिकवलं, पुढे बंदरावर बोट धरून नेला तोही त्यांनीच. पोरगा बोलण्यात पटाईत निघाला. गिऱ्हाईक हेरावं तर त्यानंच. झाकणरावांना वस्तूंशी बोलता यायचं, माणसांशी नाही, म्हणून धंदा मेव्हण्याच्या नावावर आणि सही भाऊजींची, असं ठरलं. स्वतःचं मूल नव्हतं, त्यामुळे ठरवायला वेळही लागला नाही.

तर एके दिवशी मेव्हणा स्वतःच मागवलेली पार्किंगची यंत्रं घेऊन आला. साठ खोकी. मोठ्या वाहनतळावर दाराशी जे कपाट उभं असतं ते. आपण आत शिरताना मिळालेलं तिकीट त्याच्या तोंडात घालतो, किती वेळ गाडी होती आणि किती द्यायचे ते पडद्यावर उमटतं, पैसे घातले की पावती बाहेर येते.

झाकणरावांनी पुस्तक उघडलं आणि खुशीत हात चोळले. असा पेच त्यांना आवडायचा.

"हे यंत्र हुशार आहे की पोपट आहे, एवढाच प्रश्न आहे," ते म्हणाले.

"म्हणजे काय भाऊजी?"

"वेळ मोजून रक्कम ते स्वतः काढत असेल, तर हुशार. ते गणिती यंत्रांच्या घरात जाईल. आणि आकडेमोड कंट्रोल रूममधला कॉम्प्युटर करत असेल आणि हे नुसतं वाचून दाखवत असेल, तर पोपट. त्याचं घर वेगळं."

"पोपटाला कर कमी?"

"बराच कमी. पण ते आपण ठरवायचं नाही. यंत्रानं ठरवायचं. झाकण उघडू दे."

एरवी खोकं फोडायचं म्हटलं की मेव्हणा कुरकुर करायचा. या वेळी म्हणाला, "एक आधीच बाहेर काढून ठेवलंय तुमच्यासाठी. उद्या सकाळी गोदामात या." झाकणरावांना बरं वाटलं. पोराला अखेर वळण लागलं, असं त्यांनी घरी बायकोला सांगितलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी गोदामात त्यांनी कपाटाचं दार उघडलं. तिकीट वाचायची खाच होती, नाण्यांची नळी होती, छपाईचं यंत्र होतं, पडदा होता, आणि कंट्रोल रूमकडे जाणारी जाड वायर. आकडेमोड करील असा एकही भाग नव्हता. फक्त मधोमध, तळहाताएवढ्या जागेत, स्क्रूची चार रिकामी भोकं होती.

"ही कशाची?"

"कंपनी दोन प्रकारची यंत्रं बनवते, भाऊजी. कपाट एकच. हुशारवाल्याचा बोर्ड तिथे बसतो. आपला माल साधा आहे."

पटण्यासारखं होतं. मात्र भोकांच्या कडा चकाकत होत्या. कधीच स्क्रू न गेलेल्या भोकाची कड अशी चकाकत नाही, हे झाकणरावांइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यांना ते दिसलं. अगदी स्पष्ट दिसलं. दुसऱ्या कुणाचा माल असता तर त्यांनी आणखी दहा खोकी फोडायला लावली असती. पण मेव्हणा शेजारी टॉर्च धरून उभा होता, लहानपणी सायकलची साखळी बसवताना उभा राहायचा तसा. त्यांनी खिशातून पेन काढलं, सवयीप्रमाणे उघडलेल्या यंत्राचा नंबर टिपणात लिहिला आणि खाली लिहिलं : यंत्र स्वतः आकडेमोड करत नाही, केवळ पोपट आहे. सही केली.

आठ महिने गेले. गुडघा दाखवायला झाकणराव हॉस्पिटलात गेले. निघताना वाहनतळाच्या दाराशी पाहतात तर तेच कपाट. ओळखीचं माणूस भेटावं तसे ते हसले. रखवालदार म्हणाला, "काका, आज घाई करू नका. सकाळपासून कंट्रोल रूमची लाईन बंद आहे."

"मग हे चालणार कसं?"

"चालतं की. त्याचं त्याला येतं सगळं."

झाकणरावांनी तिकीट घातलं. दोन तास चाळीस मिनिटं, आणि पुढे रक्कम. बिनचूक. त्यांनी मागच्या बाईंचं तिकीट मागून घेतलं, तेही घातलं. पन्नास मिनिटं, बिनचूक. वायर मेलेली आणि पोपट पाढे म्हणतोय! चकाकणाऱ्या चार कडा डोळ्यांपुढे आल्या.

घरी आले तेव्हा बायको मटार सोलत बसली होती. त्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. "हिरवा बोर्ड असणार गं, एवढा, तळहाताएवढा. चार स्क्रू काढले की हातात येतो. मला दाखवायच्या आधी काढून घेतला. त्या एकाच यंत्रातला! केसानं गळा कापला माझा." बायकोचे हात क्षणभर थांबले. मग ती म्हणाली, "चहा ठेवते," आणि आत गेली.

विचारलं तेव्हा मेव्हण्यानं नाही म्हटलं नाही, हे त्याचं एक सांगायला हवं. उलट हसला. "भाऊजी, झाकण उघडल्याशिवाय सही नाही, हा नियम तुमचा. उघडून दिलं की."

"उद्या आपण दोघं कस्टममध्ये जाऊ आणि खरं सांगू."

"जाऊ ना. मला आठ दिवस द्या, कागद गोळा करतो."

त्यांनी आठ दिवस दिले. याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण ज्याला आपण सायकल शिकवली त्याला आठ दिवस कोण नाही देणार? सातव्या दिवशी कस्टमचं बोलावणं आलं, एकट्या झाकणरावांना. मेव्हण्यानं आधीच पत्र दिलं होतं. आमच्या तज्ज्ञांनी वयोमानानं चुकीचा नंबर दिला, आम्ही त्यांच्या सहीवर विसंबलो, चूक लक्षात येताच स्वतःहून कळवत आहोत, कराचा फरक भरायला तयार आहोत. भाषा इतकी नम्र होती की वाचणाऱ्याला मेव्हण्याचीच दया यावी.

चौकशीच्या मॅडमनी टिपण मोठ्यानं वाचलं. "केवळ पोपट आहे," इथे आले तसं टेबलापलीकडचे दोन कारकून खाली मान घालून हसले. कुणाचा पोपट झाला हे त्यांना न सांगता कळलं होतं. झाकणरावांचे कान तापले. सत्तावीस वर्षांत त्या खोलीत त्यांच्याकडे पाहून कुणी हसलं नव्हतं.

"तुम्ही उघडलेलं यंत्र कुठे आहे?" मॅडमनी विचारलं.

ते यंत्र गोदामातून हलवताना पडलं आणि भंगारात गेलं, अशी नोंद निघाली.

मॅडम वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "काका, बोर्डावर यंत्राचाच नंबर छापलेला असतो, आणि तुमच्या टिपणात नंबर आहे. तेवढा बोर्ड सुटा मिळाला तर तो काढून घेतला होता हे सिद्ध होईल. पंधरा दिवस थांबते. कार्ड तोवर इथे ठेवा."

त्यांनी पाकिटासकट कार्ड टेबलावर ठेवलं.

मग सुरू झाली वणवण. झाकणराव भंगारवाल्यांकडे गेले, गोदामाचे कोपरे त्यांनी धुंडाळले, दुखऱ्या गुडघ्यानं शिड्या चढले. हमालांनी त्यांच्यासाठी ढीग उपसले, कारण हमालांना झाकणराव माहीत होते. रोज संध्याकाळी काळे हात घेऊन ते घरी येत. बायको गरम पाणी काढून ठेवी, गुडघ्याला तेल चोळून देई आणि विचारी, "मिळालं का हो?" ते मान हलवत. पंधराव्या दिवशी कार्ड रद्द झाल्याचा कागद आला. बायको रडली. त्यांनीच तिची समजूत काढली.

रिकामा माणूस घर दुरुस्त करत सुटतो. महिन्याभरानं त्यांच्या चष्म्याचा बारीक स्क्रू पडला. बायको बाहेर कपडे वाळत घालत होती. तिच्या शिवणाच्या कपाटात बटणांचा गोल डबा होता, त्यात एखादा स्क्रू सापडेल म्हणून त्यांनी झाकण उघडलं.

बटणांखाली रुमालाची घडी होती. रुमालात चार स्क्रू होते, आणि हिरवा बोर्ड, तळहाताएवढा. चष्मा हातानं धरून त्यांनी नंबर वाचला. वाचायची गरज नव्हती, तो त्यांना पाठ होता.

बायको आत आली ती रिकामी बादली घेऊन. डबा पाहून दारातच थांबली.

"तपासणीच्या आदल्या दिवशी आला होता," ती म्हणाली. "म्हणाला, ताई, जपून ठेव, भाऊजींना दाखवू नको, नंतर परत बसवायचाय. मग यंत्र मोडलं तेव्हा म्हणाला, फेकून दे. ते काही माझ्याच्यानं झालं नाही."

झाकणरावांनी एकच विचारलं. "रुमाल उघडून पाहिला होतास?"

"पाहिला होता."

"कधी?"

"तुम्ही हॉस्पिटलातून आलात ना, त्याच दिवशी. चहा ठेवायला गेले तेव्हा."

म्हणजे ते पंधरा दिवस. ते गरम पाणी, ते तेल, ते रोजचं मिळालं का हो.

"तो तुरुंगात गेला असता हो," ती म्हणाली. "तुमचं नुसतं कार्ड जात होतं. मला वाटलं, तुम्ही सोसाल."

त्यांनी स्क्रू मोजले. चारही होते. ते रुमालात बांधले, बोर्ड डब्यात ठेवला, वर बटणं ओतली आणि झाकण लावलं. डबा कपाटात होता त्याच जागी ठेवला. मग खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढून त्यांनी तो तिच्या हातात दिला.

"हाही ठेव आत," ते म्हणाले. "मला उघडता येत नाही."