अर्बनच्या बँडातला रोशासाहेब

वाकोल्याच्या गावठाणात अर्बनचा बँड होता. आठवडाभर अर्बन कुर्ल्याच्या कारखान्यात लेथवर उभा असायचा आणि रविवारी लग्नांत, सणांत तुतारीसारखं आखूड कॉर्नेट वाजवायचा. बँडात सगळे मिळून अकरा जण. त्यात बारावा कसा आला, ते वाकोल्यात कुणालाही विचारा, हसत हसत सांगतील.

चौसष्ट साली एका रविवारी ओटीवर तालीम चालू होती. कुंपणाबाहेर एक लांबलचक मोटार थांबली. तिच्यातून उंच, लाल चेहऱ्याचा गोरा माणूस उतरला आणि कोंबड्यांना वाट देत आत आला. व्हिक्टरच्या मांडीवरच्या मोठ्या पितळी बाजाकडे, म्हणजे युफोनियमकडे, बोट दाखवून त्याने इंग्रजीत विचारलं, "मला हे शिकवाल?"

अर्बनची बायको कार्मेन दारात भाजी निवडत होती. ती नवऱ्याला हळूच म्हणाली, "याला आधी बसायला तरी सांग."

माणसाचं नाव एमिल रोशा. जिनिव्हात त्याच्या घराण्याची दीडशे वर्षांची बँक. पणजोबा बँकर, आजोबा बँकर, आता काका मुख्य. मुंबईचं काम बघायला पुतण्याला पाठवलेलं. जुहूला बंगला, दाराशी मोटार, ड्रायव्हर धोंडिराम. लहानपणी गावच्या बँडामागे धावला म्हणून त्याला घरात कोंडलं होतं म्हणे.

अर्बनला वाटलं, साहेबाची हौस दोन रविवारांत फिटेल. पण रोशा दर रविवारी येत राहिला. पहिले तीन महिने त्या बाजातून म्हशीच्या हंबरण्यासारखा आवाज निघायचा. बाहेर अर्बन त्याला 'साहेब' म्हणायचा, पण बाजा तोंडाला लागला की, "अरे, गाल नको फुगवू रे, पोटातून फुंक ना!" रोशाला हे फार आवडायचं. दीड वर्षात तो सहा चाली नीट वाजवू लागला.

मग कार्मेनची भाची विनी हिचं लग्न ठरलं. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी वाजतगाजत विहिरीवर जाऊन नवरीसाठी पाणी आणायचं, त्याला उंबराचं पाणी म्हणतात. त्याच सकाळी व्हिक्टरची दाढ सुजली. ओठ मिटेना, मग बाजा कसला वाजवणार? रोशा म्हणाला, "मी वाजवतो."

दुपारी त्याला तार आली. काका त्याच संध्याकाळी सांताक्रूझ विमानतळावर उतरत होते.

अर्बन म्हणाला, "साहेब, तुम्ही जा. त्या बाजाशिवाय भागवू."

रोशाने तार घडी करून खिशात घातली. मग 'टाळता न येण्यासारखं काम आहे' अशी चिठ्ठी लिहून त्याने धोंडिरामला विमानतळावर धाडलं आणि स्वतः अर्बनचा जुना लाल कोट चढवला. कोटाच्या बाह्या त्याच्या कोपरापर्यंतच आल्या.

मिरवणूक विहिरीच्या वाटेला लागली आणि समोरून मोटार आली. मोठा रस्ता खणलेला, म्हणून धोंडिरामने गाडी गावठाणातून घातली होती. मागच्या सीटवर पांढऱ्या मिशांचे काका. त्यांनी पुतण्याला ओळखलं. रोशाचा सूर अडखळला.

"थांबू नको," अर्बन कॉर्नेटआडून पुटपुटला. "माझ्याकडे बघ."

रोशाने त्याच्याकडे बघत चाल पुरी केली. मग दुसरी धरली. काका मोटारीतून उतरले, हॅट हातात घेतली आणि बायकांच्या मागून विहिरीपर्यंत चालत गेले.

पाणी भरून झाल्यावर ते अर्बनपाशी आले. अर्बनने मनात माफीची दोन वाक्यं जुळवून ठेवली होती.

"हा तुमच्याकडे किती दिवस शिकतोय?" काकांनी विचारलं.

"दीड वर्ष, सर."

"आमच्याकडे अकरा वर्षं आहे. काहीही करायचं झालं की आधी माझ्या तोंडाकडे बघतो. आज नाही बघितलं." एवढं बोलून ते मांडवात जाऊन बसले. कार्मेनने चहाच्या कपातून खिमाड दिलं. दारूबंदी होती, म्हणून मसाल्याच्या त्या गरम दारूला लग्नघरात चहाच म्हणायचे. काकांनी तसले तीन चहा घेतले आणि विनीच्या आजीबरोबर एक फेर नाचलेही.

एकाहत्तर साली रोशा परत गेला. पुढे काका वारले आणि बँक त्याच्या हाती आली. तसं पत्र आलं, तेव्हा अर्बनने ते तालमीत वाचून दाखवलं. तिकडे त्याच्या गावच्या बँडात नाव घातल्याचंही त्यात होतं.

व्हिक्टर म्हणाला, "एवढी मोठी बँक चालवतो, ते झकासच. पण बँडात काय वाजवतो?"

अर्बनने पत्र उलटसुलट करून पाहिलं. रोशाने ते लिहिलंच नव्हतं.

"विचार ना त्याला," कार्मेन आतून म्हणाली, आणि अर्बन कागद शोधायला उठला.