फरशीवरचं तळं

लांब पल्ल्याच्या बसचं स्टिअरिंग आयुष्यभर धरलेल्या माणसानं निवृत्तीनंतर फरशीचा पोछा धरला, तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांना हसू आवरेना. ड्रायव्हरकाकांना मात्र त्यात काही कमीपणा वाटला नाही. काकूंची नजर कडेकडेनं अंधारत चालली होती. गेलेली परत यायची नाही, थेंब घालून उरलेली सांभाळा, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. मग घर कुणीतरी हाती घ्यायलाच हवं होतं.

घरात फिकट रंगाच्या पोर्सिलेनच्या फरश्या होत्या. बाल्कनीच्या दारातून उजेड आला, की तो फरशीवर सांडून झगझगायचा. काकू त्याला ‘तळं’ म्हणत. बाकी सगळं धूसर; पण तळ्याच्या काठाकाठानं त्या बरोबर स्वयंपाकघरात पोचत. “आज तळ्यात ढग उतरलेत हो,” असं म्हणाल्या, की काका बाहेर डोकावत. खरंच आभाळ भरून आलेलं असे.

काका पुसायचे मागे मागे सरकत, दाराच्या दिशेनं. “बाजूला हो गं, रिव्हर्स घेतोय!” अशी आरोळी ठोकून. पुसता पुसता त्यांची तंद्री लागे. पहाटेचे ओले रस्ते डोळ्यांपुढून सरकत, मागे प्रवासी झोपलेले, आणि समोर रस्ता की नदी हेच कळू नये. काम मनापासून, म्हणून साबणही मनापासून. बाटलीवर झाकणभर लिहिलेलं. काका फेस येईपर्यंत ओतत. घर कसं घमघमलं पाहिजे!

पुढे काकूंचं चालणं कमी झालं. आधी बाल्कनीत जाणं थांबलं, मग स्वयंपाकघरात. पलंगावर भिंतीशी टेकून बसायच्या. काकांना वाटलं, रुसली असेल. त्यांनी दोनदा चहा करून दिला, एकदा जुनं गाणं बेसूर म्हणून दाखवलं. काही उपयोग नाही.

“अगं, बोल की काहीतरी.”

“काय बोलू?” काकू हळूच म्हणाल्या. “तळं आटलं हो. खालचा उजेड दिसेनासा झालाय. तुम्हाला घोर नको म्हणून गप्प होते.”

काकांनी दाराबाहेर पाहिलं. बाहेर चांगलं ऊन होतं. ते नकळत खाली बघायला लागले, काकू बघत तसे. आणि बघतच राहिले. दार तिथं, ऊन तिथं, पण फरशीवर नुसतं पिठूळ धुकं. त्यांनी ओलं बोट घासलं. बोट बुळबुळीत झालं आणि घासलेल्या जागी नाण्याएवढं आभाळ चमकलं.

“अगं, डोळे नव्हेत!” काका जमिनीवर बसूनच ओरडले. “डोळे नव्हेत गं, माझा साबण! थरावर थर चढवलाय मी!”

“म्हणजे मला दिसतंय?”

“माझ्यापेक्षा बरं दिसतंय! मी रोज पुसतो, मला कुठं कळलं?”

आपल्या हातून घोळ झाला म्हणून इतका आनंद त्यांना जन्मात झाला नव्हता. कोमट पाणी घेतलं, त्यात चमचाभर व्हिनेगर. फडकं घट्ट पिळून एकेक फरशी पुसली, सांध्यांवरून मऊ ब्रश फिरवला, मग नुसत्या पाण्यानं पुन्हा पुसलं. पाणी दर वेळी दुधासारखं व्हायचं, ते बदलायचं. शेवटी कोरड्या कापडानं हलक्या हातानं टिपून घेतलं. काकू पलंगावरून सूचना करत होत्या. “कोपरा राहिला असेल. तुमचा कोपरा नेहमी राहतो.”

“तुला दिसतोय का?”

“दिसायला कशाला हवा? संसार केलाय.”

दुपार कलली, तसा उजेड बाल्कनीतून आत आला. आधी एक पट्टा, मग पसरत पसरत पलंगापर्यंत. काकू उठल्या. पावलं चाचपडली, मग सावरली. काठाकाठानं दारापर्यंत गेल्या आणि तिथं थबकल्या. पायाखाली आभाळ सरकत होतं, त्यातून एक पक्षी गेला.

“बगळा?” त्यांनी विचारलं.

“कावळा असेल.”

“बगळाच होता. पांढरा होता.”

काका वाद घालायला तोंड उघडणार होते. पण त्यांनी बादली उचलली आणि पाणी ओतायला मोरीकडे गेले.